बिनठिपक्याचे अभंग

"हसू नका," अंबाक्का म्हणाल्या.

मी हसलो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि कुणी हसू नका म्हटलं की हसायचं हा माझा त्या वयातला एकमेव ठाम सिद्धान्त होता. पुढे त्याच सिद्धान्तावर मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रांतून पोट भरलं, त्यामुळे तो अगदीच टाकाऊ होता असं म्हणवत नाही.

"अहो, पण आगकाडी!" मी म्हणालो. "गिरमाई समाधिस्थ होऊन तीनशे वर्षं झाली. त्या काळी बायका शेजारणीकडून खापरीत विस्तव मागून आणत. माईंना आगपेटी कुठं मिळाली? कोपऱ्यावरच्या वाण्याकडे?"

अंबाक्कांनी माझ्यासमोरचं बाड ओढून घेतलं आणि त्या पानावर हात पालथा ठेवून बसल्या. एखाद्याच्या तोंडावर ठेवावा तसा.

ती जागा म्हणजे शिरडोहच्या गिरमाई मठाची ओसरी. कराडपासून आठ मैल, खाली नदी, नदीत काळा डोह. त्याचा तळ कुणी पाहिला नव्हता, आणि पाहायला गेलेले सांगायला परत आले नव्हते. तीनशे वर्षांपूर्वी गिरमा नावाची एक बाई घर सोडून इथल्या मुरलीधरापाशी येऊन राहिली आणि तिनं अभंग रचले. पुढे तिच्या नावानं मठ झाला. नवरे गेलेल्या, नवऱ्यांनी टाकलेल्या नऊ बायका तिथं राहत. माईंचे अभंग एका बाडात होते. मठाचा रिवाज असा, की बाड जीर्ण झालं की मठातल्याच एका बाईनं बोरूनं त्याची नक्कल करायची आणि जुनं बाड डोहात सोडायचं. आत्ताची नक्कल अंबाक्कांची. त्या सतराव्या वर्षी मठात आल्या होत्या, आता चाळिशीला टेकल्या होत्या.

त्या वर्षी मठाच्या विश्वस्तांनी अभंग छापायचं ठरवलं. एकदा छापल्यावर हातानं उतरवण्याचं कारण उरत नाही, म्हणून हे बाड शेवटचं. चैत्रातल्या पुण्यतिथीला पुस्तक निघणार, आणि त्याच दिवशी बाड डोहात जाणार. म्हणजे पुस्तकात येईल ते राहील आणि येणार नाही ते बुडेल. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. नुसतं ठाऊक होतं.

छपाईचं काम आमच्या छापखान्याला मिळालं. मी तिथं मुद्रितं तपासत असे आणि शुक्रवारी एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहीत असे. बाड उंबऱ्याबाहेर जात नसे, म्हणून मी नऊच्या एसटीनं रोज मठात जाई. अक्का वाचत, मी उतरवून घेई.

बाडातल्या काही अभंगांच्या पायाशी कुंकवाचा ठिपका होता. बोटाच्या टोकाएवढा. काहींच्या पायाशी नव्हता. ठिपक्याचे अभंग अक्का मोठ्यानं, एका सुरात वाचत:

नाम घेतां वाचे पाप जाय साचें ।
भय यमाजीचें दूर पळे ॥

बिनठिपक्याचा आला की मात्र बाड माझ्याकडे फिरवत आणि खांबाकडे बघत बसत. मी मनात वाचून लिहून घेई. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांचा घसा दुखत असेल. मग मी वाचलं:

पाठीचिये वाटे उतरला हात ।
राहिली न मात माझी मज ॥
तोडिले म्यां मणी सैल केली वेणी ।
आतां कैंचा कोणी आड येतो ॥

तेव्हा मला कळलं की घशाचा काही संबंध नाही. माझे कान तापले. मी ब्रह्मचारी होतो आणि एसटीनं जात-येत होतो. माझ्या आयुष्यात तोवर पाठीचिये वाटे फक्त घाम उतरला होता.

"अक्का, हे मोठ्यानं का वाचत नाही?"

"वाचत नाहीत."

"पण का?"

त्यांनी ओसरीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं एक म्हातारी बाई भिंतीला टेकून वाती वळत बसलेली असे. सगळे तिला थोरली आऊ म्हणत. अक्कांच्या आधीची नक्कल तिनं केली होती. एकोणीस वर्षं ती बोलली नव्हती.

"मौन घेतलंय त्यांनी?" मी विचारलं.

"असं म्हणतात," अक्का म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

मी मनात म्हटलं, एकोणीस वर्षं न बोललेली बाई. हा ऐवज सदरात घातला पाहिजे. मी तसलीच माणसं तसल्याच नजरेनं बघत असे. त्या नजरेचे मला दर शुक्रवारी पाच रुपये मिळत.

आणि मग एक दिवस तो अभंग आला. बिनठिपक्याचाच होता. अक्कांनी बाड फिरवलं, पण या वेळी खांबाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिल्या. मी वाचलं:

आगकाडी ऐसी तुझे हातीं आलें ।
एके ओढी झालें उजेड मी ॥

तेव्हा त्या म्हणाल्या, हसू नका. म्हणजे मी हसणार हे त्यांना आधी कळलं होतं.

शुक्रवारी माझं सदर आलं. मथळा होता 'माईंची आगपेटी'. त्यात मी लिहिलं की संतांना भविष्य दिसतं याचा आता पुरावाच मिळाला आहे. शिरडोहच्या गिरमाईंना दोनशे वर्षं आधी आगपेटी दिसली, तेव्हा बाड आणखी नीट शोधल्यास सायकल आणि रॉकेलचा स्टोही सापडतील. कराडात लोक तो अंक एकमेकांना वाचून दाखवत होते. न्हाव्यानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. असं यश मला पुन्हा मिळालं नाही.

सोमवारी तात्यासाहेब इनामदार छापखान्यात आले. मठाचे थोरले विश्वस्त ते. गोरेपान, मऊ आवाजाचे. त्यांच्या हातात सतत अडकित्ता असे आणि बोलताना ते सुपारी कातरत. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी माझं सदर मांडीवर पसरलं. त्यावर सुपारीचा भुगा पडू लागला.

"छान लिहिता हो," तात्यासाहेब म्हणाले. "मी दोनदा हसलो. एकदा वाचताना. एकदा सातारचे वकील मला विचारायला आले तेव्हा."

कट्.

"तात्यासाहेब, माझा हेतू..."

"हेतू चांगलाच होता. बाडात भेसळ आहे. आम्ही इतकी वर्षं रोज पूजा करतो, आम्हाला दिसली नाही. तुम्हाला पंधरा दिवसांत दिसली. कुणीतरी, कधीतरी, माईंच्या नावावर घाण घातली आहे." कट्. "आता ती काढायची कुणी? ज्यानं पाहिली त्यानं. तुम्ही निवडा, पोंक्षे. माईंचं ठेवा, बाकीच्यावर रेघ मारा. प्रस्तावना लिहा. पुस्तकावर संपादक म्हणून तुमचं नाव येईल."

मला वाटलं होतं नोकरी जाणार. उलट नाव येणार होतं. मी लाल पेन्सिलीला टोक काढलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर घोंगडी अंथरली होती. तात्यासाहेब एका अंगाला, मी दुसऱ्या, मध्ये बाड आणि मी उतरवलेले कागद. अंबाक्का पान लावून द्यायला. आऊ कोपऱ्यात वाती वळत होती. उन्हं अंगणात आली होती, आणि अडकित्त्याखेरीज कसला आवाज नव्हता.

खरं सांगतो, निवड करायला मला अर्धा तास पुरला. माणूस हुशार असला की फार वेळ लागत नाही. आगकाडीचा अभंग बनावट, हे सिद्धच होतं. त्याला ठिपका नव्हता. मी बाकीचे बिनठिपक्याचे काढून पाहिले, तर सगळे एकाच वळणाचे. वेणी, पाठ, घाम, उशाला ओढलेला हात. ठिपक्याचे बघावेत, तर नाम, यम, दया, मुरलीधराचे चरण.

"या ठिपक्याचा अर्थ काय?" मी विचारलं.

अक्कांनी तोंड उघडलं होतं. पण तात्यासाहेब आधी बोलले.

"कुंकू कशाला लावतात, पोंक्षे? पूजेला. जे पूजेचे, त्यांना लावलं."

"म्हणजे जुन्या बायकांना माहीतच होतं!" मी म्हणालो. माझ्या आवाजात आनंद होता, तो अजून माझ्या कानात आहे. "माईंचे खरे कोणते ते त्यांनी खुणा करून ठेवलं. ज्यांना खूण नाही, ते मागून कुणीतरी घुसडलेले. ठिपक्याचे चोपन्न खरे, बिनठिपक्याचे बेचाळीस खोटे."

"उत्तम," तात्यासाहेब म्हणाले. "अक्का, काय म्हणता?"

अक्का माझ्याकडे बघत होत्या.

"पोंक्षे, हे माईंनी लिहिलं नसेल, असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

"आगकाडी..."

"आगकाडीचा एक. बाकीचे एक्केचाळीस?"

"अक्का, जी बाई संसार सोडून देवापाशी आली, ती असलं कशाला लिहील?"

"संसार सोडला होता तिनं," अक्का म्हणाल्या. "अंग कुठं सोडलं होतं?"

अडकित्ता थांबला.

"अक्का," तात्यासाहेब म्हणाले. एवढंच. अगदी हळू, लहान मुलाला पाण्याजवळून मागं बोलवावं तसं.

कोपऱ्यात आऊच्या हातातली वात खाली पडली. ती उचलायला ती वाकली नाही. अक्कांकडे बघत राहिली, आणि तिनं मान एकदाच डावी-उजवीकडे हलवली.

अक्का उठल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी पाणी प्यायलो आणि बेचाळीस अभंगांवर लाल रेघा मारल्या. रेघ मारलेले कागद तात्यासाहेबांनी मोजून घेतले आणि बाडात घालून ठेवले.

"बाडाबरोबर हेही जातील," ते म्हणाले. "घरात कशाला?"

पुण्यतिथीच्या दिवशी शिरडोहात जत्रा भरली. घाटाच्या वर मांडव, मांडवात कर्णा, जिल्ह्यातले दोन पुढारी आणि सातारचे वकील. टेबलावर पुस्तकांची चळत होती. मी पहिल्या पानावरचं माझं नाव सकाळपासून पाच-सहा वेळा उघडून पाहिलं होतं. दर वेळी ते तिथंच होतं.

अंबाक्का घाटाच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं बाड, फडक्यात एक दगडही होता. बाड सोडायचं काम नक्कल करणारीचं. बाकीच्या बायका वर गात होत्या. अक्कांनी मला हातानं बोलावलं. मला वाटलं, अभिनंदन करणार.

"बसा," त्या म्हणाल्या. "ठिपका कशाचा ते सांगते. बाईनं बाईला सांगायचं असतं, नक्कल हाती देताना. मला आऊनं सांगितलं. माझ्यामागं आता कुणी लिहिणार नाही, तेव्हा तुम्हाला सांगितलं तर चालेल."

मी बसलो.

"जी नक्कल करते, तिनं आपले पाच अभंग त्यात घालायचे. माईच्या नावानं. माईनं सांगून ठेवलंय, की माझ्यामागून येणाऱ्या बाईनं मुकं राहू नये. पण आपलं ते आपलं आणि माईचं ते माईचं. म्हणून आपल्या अभंगाखाली कुंकू लावायचं. माई, हे तुझं नव्हे, माझं आहे, पदरात घे. पुढची नक्कल करताना आधीच्या बायकांचे ठिपकेही जसेच्या तसे उतरवायचे."

नदीवरून वारा आला.

"म्हणजे ते चोपन्न..."

"आमचे. माझ्या आधीच्या दहा जणींचे पन्नास. माझे चार."

"चांगले आहेत," मी मूर्खासारखा म्हणालो.

"भिऊन लिहिलेत. काय लिहिलं तर मठात राहू देतील, तसं लिहिलंय प्रत्येकीनं. यम, पाप, दया. माईला कुणाचं भय नव्हतं. बिनठिपक्याचे ते तिचे."

"सगळे बेचाळीस?"

"एक्केचाळीस."

मला विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "आगकाडी?"

"माझा पाचवा."

"मग त्याला ठिपका का नाही लावलात? तो असता तर मी..."

"बोट कुंकवात बुडवलं होतं," अक्का म्हणाल्या. "लाववेना. माईचे अभंग उतरवताना वीस वर्षं नुसती अक्षरं काढत होते. तो लिहिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, ती काय म्हणत होती. तिचं आणि माझं वेगळं काढावंसं वाटेना. तेवढीच चोरी केली मी, पोंक्षे. आणि तेवढीच तुम्हाला सापडली."

"कुणासाठी लिहिलात?"

"माईनं कुणासाठी लिहिलं, ते विचारलंत का कुणाला?"

वर गाणं संपलं. कर्ण्यातून कुणीतरी हॅलो हॅलो म्हणू लागलं.

"वर जाऊन सांगा," अक्का म्हणाल्या. त्यांनी बाडाची गाठ दोन्ही हातांनी धरली होती. "तुमची खूण चुकली म्हणून सांगा. तुमचं ऐकतील. अजून सोडलेलं नाही."

"तुम्हीच सांगा ना. तुम्हाला सगळं माहीत आहे."

"आऊनंही सांगितलं होतं एकदा. माईचा एक अभंग, बिनठिपक्याचा, कीर्तनाला आलेल्या बुवांसमोर म्हणून दाखवला. एकच. हे अभंगसुद्धा गायचे असतात, असं म्हणाली. त्या दिवसापासून तिचं मौन सुरू झालं."

"तिनं घेतलं?"

"तात्यासाहेबांच्या वडिलांनी दिलं. प्रसाद देतात तसं. तोंड उघडलं तर मठाबाहेर. साठीला आलेली बाई कुठं जाईल?"

मी उठलो. घाटाला बावीस पायऱ्या आहेत. बाविसावी चढेपर्यंत माझा निश्चय पक्का होता, हे मी शपथेवर सांगू शकतो. बाविसाव्या पायरीवर तात्यासाहेब हार घेऊन उभे होते.

त्यांनी मला हार घातला. खांद्यावर शाल टाकली. हातात नारळ दिला. नारळ, शाल आणि हार सांभाळणाऱ्या माणसाला खरं बोलायला हात मोकळा राहत नाही. मग ते कर्ण्यात म्हणाले, की या तरुण विद्वानाच्या चाणाक्ष नजरेमुळे माईंची वाणी तीनशे वर्षांनी शुद्ध झाली. टाळ्या झाल्या. सातारचे वकीलही वाजवत होते.

"दोन शब्द बोला, पोंक्षे."

मी कर्ण्यासमोर उभा राहिलो. खाली पायरीवर अक्का उभ्या राहिल्या होत्या. कमरेपर्यंत पाण्यात जायचं म्हणून पदर खोचलेला, बाड छातीशी. त्या मान वर करून माझ्याकडे बघत होत्या. दोन-तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. कुणीतरी ओरडलं, "आगपेटीचं होऊन जाऊ द्या!"

मी आगपेटीचं सांगितलं.

सायकलपर्यंत आलो तेव्हा मांडव हसत होता. स्टोला एक पुढारी डोळे पुसू लागले. ते हसू घाटावरून खाली गेलं. अक्कांनी ते ऐकलं, पाठ फिरवली आणि पाण्यात उतरल्या. गुडघे, कंबर, मग छाती. मला वाटलं, ही बाई आता थांबत नाही. मी बोलायचा थांबलो. पण त्या थांबल्या. त्यांनी बाड पाण्यावर ठेवलं. एक क्षण ते तरंगलं, मग दगडानं ओढून नेलं. पाण्यावर थोडा लाल रंग वर आला. फडक्याचा असेल, ठिपक्यांचा असेल, माझ्या पेन्सिलीचाही असेल.

ओलेत्यानं वर येताना त्या माझ्याशेजारून गेल्या.

"मला सगळे पाठ आहेत," त्या पुढं बघतच म्हणाल्या. "आधी तुमच्या पेपरात छापा, चुकलो म्हणून. मग वही घेऊन या. सांगेन."

"येत्या शुक्रवारी," मी म्हणालो.

त्या शुक्रवारी मी नगरपालिकेच्या नळांवर लिहिलं. पुढच्या शुक्रवारी लग्नातल्या बँडवर. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आंब्यांवर. चुकलो हे कसं लिहायचं ते मला जमेना. मला फक्त दुसऱ्यांच्या चुका लिहिता येत होत्या. शिवाय पुस्तक खपत होतं. लोक मला संपादक म्हणत होते. एका मुलीच्या वडिलांनी तर त्यावरच स्थळ ठरवलं. ती मुलगी पुढे माझी बायको झाली, आणि हा प्रकार तिला मी कधी सांगितला नाही.

श्रावणात एकदाचं मी ते लिहिलं. दीड पानच होतं, त्यात एकही विनोद नव्हता. छापायला द्यायच्या आधी अक्कांना दाखवावं, म्हणून खिशात घातलं, कोरी वही घेतली आणि नऊची एसटी पकडली.

ओसरीवर तात्यासाहेब बसले होते. कोपऱ्यात भिंतीला टेकून आऊ वाती वळत होती. तिच्याशेजारी अंबाक्का वाती वळत होत्या.

"या, संपादक!" तात्यासाहेब म्हणाले. "पावसापाण्याचे आलात."

"अक्कांकडे थोडं काम होतं."

"अक्कांनी मौन घेतलं," तात्यासाहेब म्हणाले. कट्. "गुरुपौर्णिमेपासून. इथल्या बायकांना काही-बाही पाठ करायला शिकवत होत्या. एक-एक ओळ, भाकऱ्या थापताना. रोज म्हणे वाटेकडे बघायच्या, कुणी वही घेऊन येणार होतं. मीच म्हटलं, अक्का, आता दमलात. आता आत बघा."

मी अक्कांसमोर जाऊन बसलो. खिशातला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला, शेवटपर्यंत, सावकाश, नक्कल करणारी बाई वाचते तसा. मग मागची बाजू पाहिली. तो छापील नव्हता. हातानं लिहिलेला होता. त्यांनी तो मला परत दिला.

मी वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. लेखणी ठेवली. "बोलू नका," मी पुटपुटलो. "नुसतं लिहा. एक तरी."

मागं अडकित्ता थांबला होता.

अक्कांनी लेखणी बाजूला ठेवली. वही मिटली. उठून देवघरात गेल्या आणि पुस्तक घेऊन आल्या. आमचंच, छापील. दुसऱ्या हातात करंडा होता. त्या माझ्यासमोर बसल्या, पुस्तकाचं पहिलं पान उलटलं आणि माझी प्रस्तावना काढली. प्रस्तावनेच्या शेवटी माझं नाव होतं. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या नावाच्या पायाशी टेकवलं. बोटाच्या टोकाएवढा ठिपका. मग पुस्तक माझ्या हातात दिलं आणि पुन्हा वात घेतली.

शेजारी आऊ हसली. आवाज न करता, दात नसलेल्या तोंडानं. एकोणीस वर्षांत ती हसली नव्हती, असं मला नंतर कळलं.

"वा!" तात्यासाहेब मागून म्हणाले. "पूजेचं कुंकू! पोंक्षे, भाग्यवान आहात."

"हो," मी म्हणालो.

आऊ पुढच्या वर्षी गेली. अक्का त्यानंतर सव्वीस वर्षं होत्या. मी तीन-चारदा गेलो. त्या पाणी देत. त्या बेचाळिसांपैकी आज मला अडीच अभंग आठवतात. आगकाडीचा त्यात पूर्ण आहे, कारण तो मी शे-दीडशे वेळा लोकांना हसवायला म्हटला होता.

ती प्रत माझ्या कपाटात आहे. घरी येणारे जाणते लोक ती हातात घेतात, ठिपका बघतात आणि पुस्तक कपाळाला लावतात. मी त्यांना चहा देतो. माझ्या प्रस्तावनेसकट पुस्तकाच्या सात आवृत्त्या निघाल्या. ठिपका फक्त माझ्या प्रतीवर आहे.